कोट कोणी सांभाळायचा

दादाच्या शेडमध्ये हिवाळ्यात व्यायाम करायचा म्हणजे आधी सगळं अंगावर चढवायचं आणि मग एकेक उतरवायचं, असा मामला होता. आत बनियन, त्यावर सदरा, त्यावर स्वेटर, त्यावर गुडघ्यापर्यंतचा कोट. पायांत दुहेरी मोजे, कानांवर टोपी. अशा अवतारात दोरीवरच्या दोनशे उड्या. अंग तापायला लागलं की आधी टोपी जायची, मग स्वेटर, आणि अगदी बारला, म्हणजे वजनं लावायच्या लोखंडी दांड्याला, हात घालायच्या वेळी कोट. एके काळी गाडी ठेवायला बांधलेली ती शेड. गाडी कधीच विकली गेली आणि तिच्या जागी वजनं आली. खाली सिमेंट, वर पत्रा, आणि दाराखाली चांगली दोन बोटांची फट. तिच्यातून वारा घरच्यासारखा येऊन-जाऊन असायचा.

हीटर का नाही, असं नवखं माणूस विचारायचंच. तर तो लावून झाला होता. एका हिवाळ्यात दादाने हौसेने हीटर आणला. दोन दिवस चैन झाली. तिसऱ्या दिवशी शेडमधली गरम हवा गार पत्र्याला लागून छतातून पाणी ठिबकायला लागलं आणि आठवड्याभरात बारवर गंज चढला. दादा बसच्या डेपोत ब्रेक दुरुस्त करणारा माणूस. गंज दिसला की त्याचं डोकं फिरायचं. हीटर गेला तो गेलाच, वर कायदाही झाला. ऊब अंगातून काढायची, बाहेरून आणायची नाही. शेक घेतला की कातडी तापते, आतला स्नायू गारच राहतो, माणूस फसतो आणि पाठ धरून बसतो, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा हीटर नाही, शेगडी नाही, गरम पाण्याची पिशवीसुद्धा नाही. ज्याच्याकडे असलं काही सापडेल, त्याने त्या दिवशी उचललेलं सगळं बाद.

बारचे लाड मात्र चालायचे. तो रात्री घरात, स्वयंपाकघराच्या दारामागे, जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेला असायचा. सकाळी दोघांनी दोन टोकं धरून, वळणावरच्या भिंतीचा रंग न खरवडता, तो शेडमध्ये न्यायचा. नाहीतर पहाटेच्या लोखंडाला हात लावला की बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची, तेच कळत नसे.

आणि दुसरी रीत होती कोटाची. बारकडे जाणाऱ्याने उतरवलेला कोट खिळ्याला टांगायचा नाही. टांगलेला कोट दोन मिनिटांत गार पडतो, आणि घामेजलेल्या अंगावर गार कोट चढवण्यासारखी शिक्षा नाही. म्हणून तो दुसऱ्याने सांभाळायचा, अंगाशी ठेवायचा, आणि उचलणारा परत आला की गरम गरम त्याच्या खांद्यांवर घालायचा. नऊ वर्षं ताईचा कोट दादाने सांभाळला होता. सांभाळला म्हणजे चक्क घातला होता. बाह्या कोपरापाशी संपायच्या, एकही बटण लागायचं नाही, काखेची शिवण दोनदा उसवली ती ताईने दोनदा शिवली. डेपोतल्या कोणी त्याला तसं पाहिलं असतं तर महिनाभर तोंड दाखवायची सोय राहिली नसती. पण त्या तोकड्या कोटात अवघडून उभ्या असलेल्या दादाकडे पाहून ताईला जे वाटायचं, ते तिला जगात दुसऱ्या कशानेच वाटत नसे. हे आपलं, असं वाटायचं.

ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. तो तिला छोटी म्हणे. ताई ती बाकी सगळ्यांची. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या करायची. दिवसभर लोकांच्या हिरड्यांचे साचे समोर मांडून बसायचं आणि केसभर फरक पकडायचा. केसभर फरक पकडायची ही सवय कामावर उपयोगाची असते, घरी ती माणसाला सुखाने बसू देत नाही. आईवडील गेल्यावर घरात दोघंच उरली, तेव्हा दादाने तिला रडत बसू दिलं नाही, शेडमध्ये नेलं आणि बारसमोर उभं केलं. तेव्हापासून तिच्या दिवसाची सुरुवात तिथेच व्हायची.

दीड वर्षापूर्वी दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून ओढून काढायचे, ढकलगाडीत टाकायचे, पुन्हा ओढायचे. खांदे रुंद, मनगटं जाड, बोलणं हळू. पहिले काही महिने ती सकाळी नुसती चहा घेऊन शेडच्या दारात उभी राहायची. मग एके दिवशी दादाने थट्टेत म्हटलं, बघ उचलून. बारवर साठ किलो होते. वहिनीने वाकून ते उचलले, ठेवले आणि विचारलं, "एवढंच?" त्यात फुशारकी असती तरी चाललं असतं. तिला खरोखरच वाटलं होतं की अजून काहीतरी करायचं राहिलं आहे.

ताईला साठावरून नव्वदावर जायला दोन वर्षं लागली होती. वहिनी चार महिन्यांत गेली. त्या चार महिन्यांत ताईच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. आपण जळतो आहोत, हे तिने स्वतःशीदेखील कबूल केलं नाही. ती म्हणायची, तंत्र कच्चं आहे. पाठ बघ कशी गोल होते. नुसती ताकद आहे. ‘नुसती ताकद’ हे ती अशा सुरात म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हा एखादा त्वचेचा आजार असावा.

थंडी पडली तशी कोटांची वाटणी करायची वेळ आली. दादाने सरळ सांगून टाकलं, तुम्ही दोघी एकमेकींचे सांभाळा, मी वजनं लावतो. पहिल्याच दिवशी वहिनी बारकडे गेली आणि ताईने तिचा कोट खिळ्याला टांगला. विसरले, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही विसरली. तिसऱ्या दिवशी दादा उठला. त्याने खिळ्यावरचा कोट काढला आणि स्वतः घातला. आणि तो त्याला बसला! वहिनीचे खांदे ताईसारखे चिमणीचे थोडेच होते. बाह्या मनगटाच्या जरा वर आल्या आणि वरची दोन बटणं लागलीसुद्धा. ताईने ती बटणं मोजली. पुढे रोज, वहिनी बारकडे निघाली की दादा बटणं लावायचा आणि ताई दुसरीकडे बघायची. करणी स्वतःची होती, पण म्हणून आग कमी होते असं थोडंच आहे.

ताईचा कोट वहिनीकडे गेला. तो तिच्या खांद्यांतून वर चढणं शक्यच नव्हतं, म्हणून ती त्याची गुंडाळी करायची आणि तान्ह्या मुलासारखी पोटाशी धरून बसायची. ताई परत आली की वहिनी जरा पाठ वळवून कोट झटकायची, मग बाह्या धरून तिच्या अंगावर चढवायची. आता कोट काय झटकायचा? ताईला तो निव्वळ नखरा वाटायचा. पण एक गोष्ट तिलाही नाकारता येत नव्हती. कोट गरम असायचा. दादाच्या अंगावरून यायचा तेव्हा जेमतेम कोमट असायचा. हा इस्त्रीखालून काढल्यासारखा यायचा, आणि विशेषतः उजव्या खांद्याशी, जिथे ताईचं जुनं दुखणं होतं. बाईच्या अंगात भट्टी आहे भट्टी, ताई मनात म्हणायची. इथे आपल्या पायांची बोटं रात्री झोपेपर्यंत आपल्याशी बोलत नाहीत, आणि हिला देवाने ताकदीबरोबर ऊबही फुकट दिली. तिला त्याचाही हेवा वाटला. आभार मात्र तिने एकदाही मानले नाहीत.

त्या हिवाळ्यात घरात आणखी एक कटकट चालू होती, ती दादाच्या मोज्याची. त्याच्या लांब करड्या लोकरी जोडीतला एक मोजा हरवला होता. दादाने कपाट उपसलं, पलंग सरकवला, दोघींना विचारलं. वहिनी म्हणाली, धुलाईत गेला असेल. ताईने मनात नोंद केली की नवऱ्याचा मोजासुद्धा हिला सांभाळता येत नाही.

हिवाळा संपता संपता शहराची डेडलिफ्टची स्पर्धा असायची. वजन जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं, एवढंच. दादाच्या शेडची तिथे व्यायामशाळा म्हणून नोंद होती आणि दर व्यायामशाळेतून एका वजनगटात एकच नाव घेत. ताई सात वर्षं जात होती. कधी चौथी, कधी तिसरी, एकदा दुसरी. यंदा दोघीही त्रेसष्ट किलोच्या गटात बसत होत्या. वहिनी लगेच म्हणाली, ताईच जाऊ देत, मला काय त्याचं. ताईला ती भीक वाटली आणि तिने रागारागाने आपणच चाचणी मागितली. दादा म्हणाला, ठीक आहे. रविवारी सकाळी, तीन-तीन प्रयत्न. जिचं जास्त, तिचं नाव.

ताई त्या आठवड्यात नीट जेवली नाही. लॅबमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थाची वरची कवळी तिने दोनदा बिघडवली. स्पर्धा गेली तर उरतं काय, हा हिशेब तिच्या डोक्यातून जाईना. स्पर्धेला वहिनी जाणार, मग दादा सकाळ-संध्याकाळ तिचीच तयारी करून घेणार, तिचीच पाठ बघणार, तिचाच कोट घालून मैदानाच्या कडेला उभा राहणार. आणि आपण घरी, दुसऱ्यांचे दात करत. तिला नाव हवं होतं हे खरंच, पण त्याहून तिला तो कडेला उभा असलेला दादा हवा होता.

रविवारी पत्र्यावर पांढरं दव गोठलं होतं. दार उघडताना बिजागरी करकरली. दोघींनी बार आणला, उड्या मारल्या, हलकी वजनं उचलून अंग तापवलं. दादाने भिंतीवर कागद लावला आणि नियम सांगितले. सगळं स्पर्धेसारखं. कपडे अर्ध्या बाह्यांचे. एक जण बारपाशी गेली की पुढचीने कोट काढून, पट्टा आवळून खडूच्या रेघेमागे तयार उभं राहायचं. फरक एकच. स्पर्धेत बारपाशी गेल्यावर मिनिटभरच मिळतं, पण इथे बारसमोरच्या माणसाला कोणी घाई करायची नाही.

हा शेवटचा नियम ताईमुळेच झाला होता. सहा वर्षांपूर्वी दादा तिला, चल, चल, उरक, असं ओरडला होता. तिने घाईत बार खेचला आणि उजवा खांदा गेला. दोन महिने हात गळ्यात. त्यानंतर दादाने बारसमोर उभ्या असलेल्या कोणालाही घाई केली नाही.

पहिल्या प्रयत्नात दोघींनी एकशेपाच उचलले. दुसऱ्यात ताईने एकशे साडेबारा केले, तेही दात-ओठ खाऊन. मग वहिनीने एकशेपंधरा उचलले आणि ठेवताना आवाजही होऊ दिला नाही. ताईने पाहिलं की दादाच्या हनुवटीखाली दोन्ही बटणं लावलेली आहेत आणि तो हसतो आहे. तो दोघींच्याही वेळी तसाच हसला होता, पण ताईला ते दिसलं नव्हतं.

तिसऱ्या प्रयत्नाला ताईने एकशे साडेसतरा मागितले. तिने कोट वहिनीच्या हातात दिला. वहिनीने त्याची गुंडाळी करून मागच्या स्टुलावर ठेवली, आपला कोट नवऱ्याकडे दिला, पट्टा आवळला आणि रेघेमागे येऊन उभी राहिली. ताई बारपाशी गेली, वाकली, आणि तेव्हा तिच्या मनात तो विचार आला. इथे कोणी घाई करू शकत नाही.

ती पुन्हा सरळ झाली. हातांना खडूची पूड लावली. पुसली. परत लावली. पट्टा सोडून एक भोक आवळला, मग ढिला केला. बुटाची नाडी सोडली आणि बांधली. जागच्या जागी नाचत राहिली, हात झुलवत राहिली, म्हणजे तिचं अंग गार पडणार नव्हतं. मागे वहिनीही आधी पाय आपटत होती. ताई न वळता म्हणाली, आवाजाने लक्ष जातं. वहिनीने पाय आपटणं थांबवलं. सिमेंटवर, अर्ध्या बाह्यांत, ती नुसती उभी राहिली.

तीन मिनिटं झाली. चार झाली. ताईने जाऊन दार किलकिलं केलं, उगाच बाहेर बघितलं आणि परत आली. येताना तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, वहिनीने हात काखांत खुपसले होते आणि तिच्या दंडांवर काटा आला होता. दादा अंगातला कोट काढत पुढे झाला.

"स्पर्धेत कोट कोण आणून देणार आहे, दादा?" ताई म्हणाली.

दादा थांबला. वहिनीने मान हलवली, राहू दे म्हणून. दादाने कोट पुन्हा घातला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. त्याने बघितलं हे ताईने पाहिलं, आणि तरीही तिने बुटाची दुसरी नाडी सोडली.

शेवटी नवव्या मिनिटाला तिने बार उचलला. गुडघ्यापाशी तो क्षणभर अडला, मांड्या थरथरल्या, पण ती सरळ उभी राहिली. तीन वर्षांत तिला एवढं वजन उचलता आलं नव्हतं. आनंद झाला, नाही असं नाही. पण तो तोंडावर येण्याआधीच कुठेतरी विरून गेला. दादाने खूण केली तसा तिने बार खाली ठेवला.

आता वहिनीला एकशेवीस हवे होते. दादाने दोन्ही बाजूंना छोट्या प्लेट चढवल्या. वहिनी बारकडे निघाली, जाताना स्टुलाकडे वळून काहीतरी करायला गेली, पण तोवर दादा बाजूला झाला होता आणि बार तिची वाट बघत होता. ती तशीच पुढे गेली. म्हणून त्या दिवशी ताईने आपला कोट आपल्या हाताने उलगडला.

आतून काहीतरी जड घसरलं आणि तिच्या पोटाशी येऊन अडलं. गरम होतं. तिने हात घातला. एक लांब करडा लोकरी मोजा, आणि मोज्याच्या आत गरम पाण्याची रबरी पिशवी.

आधी तिला मोजाच ओळखू आला. मग बाकीचं एकेक ओळखू आलं. पाठ वळवून झटकलेला कोट. उजव्या खांद्याशी असलेली ऊब. दुखऱ्या खांद्याचं वहिनीला दादाने सांगितलं असणार, आणि हिने ते ऐकून मोजा पळवला असणार, पहाटे उठून पाणी तापवलं असणार, पिशवी स्वतःच्या कोटाखाली लपवून आणली असणार, आणि रोज सकाळी ताईच्या कोटात घातली असणार. बाईच्या अंगात भट्टी वगैरे काही नव्हती. तीही बाकीच्यांसारखीच गारठत होती. आणि आज जी ऊब तिच्या हातांना मिळायला हवी होती, ती नऊ मिनिटं स्टुलावर ताईचा कोट तापवत पडली होती.

वहिनी बारवर वाकली होती. तिची बोटं पांढरी पडली होती आणि बारभोवती मिटत नव्हती. तिने एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं दाबून मिटवली. ताईला ते स्पष्ट दिसत होतं. थांब, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. दोन अक्षरं. पण तिच्या आतलं काहीतरी अजून म्हणत होतं, जाऊ दे, नाव तर मिळू दे. ताई गप्प राहिली. पुढे कित्येक दिवस तिला त्या नऊ मिनिटांपेक्षा या तीन सेकंदांची जास्त लाज वाटली.

बार उठला. ताकद होती, पाठही सरळ होती, तंत्राला नाव ठेवायला जागा नव्हती. गुडघ्याच्या वर गेला आणि तिथे उजव्या हाताची बोटं आपोआप उघडली. बार दणकन खाली आला.

दादाने कागदाकडे जाऊन पेन्सिलीने लिहिलं. ताई, एकशे साडेसतरा. वहिनी बोटं चोळत परत आली, आणि अर्धा कोट घातलेली, हातात करडा मोजा धरलेली ताई तिला दिसली. वहिनीचा चेहरा उतरला. तिने झटकन दादाकडे पाहिलं आणि ताईच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"ताई, आत ढकला ते," ती पुटपुटली. "यांना दिसलं तर तुमचं बाद करतील."

ताईला वाटलं होतं, ती रडेल, चिडेल, निदान एक नजर तरी टाकेल. त्यातलं काहीही आलं असतं तर ताईला उत्तर सापडलं असतं. कशालाही उत्तर देण्यात ती वाकबगार होती. पण हरलेली बाई जिंकलेलीचं नाव वाचवायला आडवी उभी राहते आणि तिचे दात थंडीने वाजत असतात, यावर काय बोलायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तिने वहिनीला बाजूला केलं आणि हात पुढे केला.

"दादा, ही पिशवी. माझ्या कोटात होती. माझी आहे."

वहिनीने तोंड उघडलं. ताईने तिच्या पायावर पाय दिला. दादा आला, त्याने पिशवी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. टाचेपाशी त्याच्याच हातचं ओबडधोबड रफू होतं.

"माझा मोजा," तो म्हणाला.

पत्र्यावरचं दव वितळून कुठेतरी थेंब पडत होता. दादाने बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्याला सगळं कळलं होतं हे ताईला कळलं. त्याच्यापासून काही लपवणं तिला कधीच जमलं नव्हतं. फक्त आज पहिल्यांदाच ती दुसऱ्या कोणासाठी लपवत होती.

"तुझी आहे?"

"माझी."

"आणि ती नऊ मिनिटं?"

ताईने खाली पाहिलं. वहिनी ज्या रेघेमागे उभी होती, तिथे सिमेंटवर तिच्या पावलांचे दोन ओलसर ठसे अजून होते.

"तीही माझीच," ती म्हणाली.

दादा कागदाकडे गेला. त्याने तिचं नाव खोडलं आणि खाली वहिनीचं लिहिलं, एकशेपंधरा. तो रागावला नाही, समजावत बसला नाही. वहिनी म्हणत राहिली की अहो, असं कसं, ताईंनी एवढं उचललं, पिशवी तर… आणि प्रत्येक वेळी ताई तिला मध्येच तोडत राहिली. शेवटी दादा म्हणाला की कायदा म्हणजे कायदा, पिशवी शेडबाहेर गेली पाहिजे. ती मात्र त्याने स्वतः नेली नाही. ताईच्या हातात परत दिली, आणि देताना तिच्या डोक्यावर टपली मारली, अगदी हलकी.

दोघी दाराबाहेर गेल्या. कायदा शेडच्या आतला होता, बाहेर पिशवी चालत होती. ताईने वहिनीचे हात धरून मोज्यावर दाबले आणि वरून आपले ठेवले. पाणी अजून बरंच गरम होतं. बोलायचं खूप होतं, आणि ताईच्या तोंडून निघालं ते भलतंच. ती म्हणाली की बार धरताना अंगठा आत दाबत जा, तुझी बोटं उजवीकडे सुटतात. वहिनी म्हणाली, बरं. वहिनीने विचारलं, खांदा कसा आहे. ताई म्हणाली, यंदा दुखलाच नाही. मग तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं.

बोटांत रंग आला तशी वहिनी म्हणाली, एकदा एकशेवीस बघू का, नुसतं. दादाने वजन तसंच ठेवलं होतं. वहिनीने नवऱ्याच्या अंगावरून घेऊन नुकताच चढवलेला कोट पुन्हा काढला, आणि सवयीने तो त्याच्याकडे द्यायला वळली. दादानेही सवयीने हात पुढे केला.

"इकडे दे," ताई म्हणाली.

तिने आपला कोट खिळ्याला टांगला आणि वहिनीचा घातला. खांद्यांत तो दोन माणसांचा होता, बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या, आणि त्याला धुलाईखान्याच्या साबणाचा वास होता. हेवा गेला नव्हता. तो एका सकाळीत जाणारा प्राणी नव्हे. एकशेवीस गेले तर आपल्याला पोटातून बरं वाटणार नाही, आणि नाही गेले तरीही वाटणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. समोर वहिनी बारवर वाकली, अंगठा आत दाबला. ताईने वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, हात काखांत घातले, आणि कोट तापवत उभी राहिली.